पांढरीची टेकाडे आणि एक वाटाड्या: दक्षिण इराकमधील नऊ दिवसांच्या सहलीविषयी

बगदादमधील एका खासगी सहल कंपनीने आखलेल्या नऊ दिवसांच्या सहलीत मी आणि माझी पत्नी जानेवारी महिन्यात सहभागी झालो होतो. माणशी दोन हजार डॉलरच्या थोडे वर खर्च आला. त्यात विमानभाडे नव्हते. राहणे, जेवण, गाडी, वाटाड्या आणि स्थळांची प्रवेशशुल्के होती. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच मार्गाने नेणाऱ्या इतर कंपन्यांचे कार्यक्रमही मी जाण्यापूर्वी ताडून पाहिले होते आणि ते जवळजवळ असेच होते. ‘मानवी संस्कृतीचा पाळणा’ हे शब्द सगळ्यांच्याच पत्रकांत सापडतात, त्यावरून निवड करता येत नाही. निवड कशावरून करावी, हे मला परत आल्यावर कळले, म्हणून हे लिहीत आहे.

इराकच्या दक्षिण भागात बांधकामाचा दगड मिळत नाही. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांनी आणून टाकलेला गाळ, त्या गाळात माजणारे नळ नावाचे उंच गवत आणि खजुरीची झाडे, एवढ्या भांडवलावर सुमेरी लोकांनी जगातील पहिली शहरे उभारली. कच्ची वीट पावसाने झिजते, भिंत कलते, मग ती पाडून जागा सपाट करायची आणि तिच्यावरच नवे घर बांधायचे, असे शेकडो पिढ्या चालले की वस्ती स्वतःच आपल्या पायाखाली टेकडी तयार करते. अरबीत तिला ‘तल’ म्हणतात. मराठीत पुरातत्त्वाविषयी लिहिणाऱ्यांनी यासाठी ‘पांढरीचे टेकाड’ हा गावरहाटीतला शब्द उचलला आहे, आणि तो इतका नेमका आहे की उरूक या प्राचीन सुमेरी शहराच्या टेकाडावर उभे राहिल्यावर मला दुसरा शब्द सुचलाच नाही.

याचा परिणाम असा होतो की या प्रदेशात जे उभे दिसते ते बहुतेक अलीकडचे असते, आणि जे खरोखर पाच हजार वर्षांचे आहे ते पायाखाली आडवे पडलेले असते. सहल कंपनीची परीक्षा येथेच होते. उभ्या भिंतींसमोर छायाचित्रे काढायला ती किती वेळ देते आणि आडव्या मातीवर किती वेळ थांबू देते, हे पाहावे. आमच्या कंपनीने पहिल्या कामाला सढळ हाताने वेळ दिला आणि दुसऱ्या कामात हात आखडता घेतला. तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे बहुतेक श्रेय दक्षिणेत आमच्याबरोबर आलेल्या एका वाटाड्याचे आहे.

सुरुवात बाबिलोनपासून झाली. बगदादच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर, हिल्ला शहरालगत हे स्थळ आहे. दाराशीच इश्तार या देवीच्या नावाच्या प्राचीन दरवाजाची निळी प्रतिकृती आहे, मूळच्या निम्म्या आकाराची, आणि प्रवाशांची पहिली झुंबड तेथेच उडते. मूळ दरवाजाच्या झिलईदार विटा जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ ते १९१७ या काळात केलेल्या उत्खननात निघाल्या, त्या बर्लिनला गेल्या आणि १९३० पासून तेथील पेर्गामोन संग्रहालयात उभ्या आहेत. आत गेल्यावर दुसरा नेबुखद्नेझर (इ. स. पू. ६०५ ते ५६२) याच्या राजवाड्याच्या म्हणून ज्या उंच, पिवळट, सरळ रेषेतल्या भिंती दाखवतात, त्या सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत १९८० च्या दशकात मूळ पायांवरच चढवलेल्या आहेत. नेबुखद्नेझर आपल्या विटांवर नावाचा ठसा उमटवीत असे. त्याची री ओढून नव्या भिंतीतही सद्दाम यांच्या नावाच्या अरबी विटा बसवल्या आहेत. २००३ नंतर परकीय फौजांनी याच अवशेषांत छावणी टाकली, खंदक खणले, जड वाहने फिरवली. एवढे सगळे सोसून २०१९ मध्ये या स्थळाला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाचे प्रवेशशुल्क २५,००० दिनार होते आणि ते कंपनीने भरले.

स्थळावर जो वाटाड्या मिळाला तो भला माणूस होता, पण त्याला पाठांतराची सवय लागलेली होती. राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यातील खोलगट जागेकडे हात करून त्याने ‘येथे झुलत्या बागा होत्या’ असे निःशंकपणे सांगितले आणि सगळ्यांनी छायाचित्रे घेतली. कोल्डेवाय यांचा तसा तर्क होता हे खरे. मात्र झुलत्या बागांचा खात्रीचा पुरावा बाबिलोनमध्ये कोठेही मिळालेला नाही. त्या कमानदार खोल्यांत जे मिळाले ते माझ्या मते बागांपेक्षा अधिक रसाळ आहे. तेथे शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या निघाल्या, आणि त्यांत यहूदा या राज्याचा पदच्युत राजा यहोयाखीन, जो बाबिलोनमध्ये कैदेत होता, त्याला आणि त्याच्या मुलांना किती तेल द्यायचे याची नोंद आहे. बायबलमधला एक राजा कोठीच्या हिशेबात सापडतो, आणि आमचा वाटाड्या त्या खोल्यांसमोर उभा राहून हवेतल्या बागा दाखवतो. मी भीत भीत हा विषय काढला, तेव्हा त्याने मान डोलावली आणि मंडळींना पुढच्या सिंहाकडे नेले.

तो काळ्या बेसॉल्टचा सिंह पाहण्यासारखा आहे, पण बाबिलोनमध्ये ज्याच्यासाठी थांबावे ते त्याच्या अलीकडे, मिरवणुकीच्या रस्त्यापेक्षा बऱ्याच खोलीवर आहे. नेबुखद्नेझराने रस्त्याची पातळी वारंवार उंचावली, त्यामुळे दरवाजाचे खालचे टप्पे भरावात पुरले गेले. त्यांच्यावर रंग वा झिलई नव्हती, म्हणून बर्लिनने त्यांना हात लावला नाही, आणि ते आजही जागेवर आहेत. साध्या भाजलेल्या विटांतून बैल आणि मर्दुक देवाचा तो विचित्र प्राणी बाहेर आलेला दिसतो: सापाचे डोके, सिंहाचे पुढचे पाय, गरुडाचे मागचे पाय. एकेक प्राणी अनेक विटांतून जुळवलेला आहे आणि सांधा कोठे संपतो व स्नायू कोठे सुरू होतो, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. येथे आम्हांला दहा मिनिटे मिळाली. नव्या राजवाड्यात मात्र दीड तास गेला.

निप्पूर दुसऱ्या दिवशी उरकले, आणि ‘उरकले’ हाच शब्द योग्य आहे. एन्लिल या सुमेरी देवाचे हे तीर्थक्षेत्र. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने १८८९ पासून येथे खोदकाम केले आणि मातीच्या हजारो पाट्या काढल्या, ज्यांत शाळकरी मुलांनी गिरवलेले धडेही आहेत. आम्ही गाडीतून उतरलो, टेकाडावर चढलो, वारा खाल्ला आणि उतरलो.

समावा या गावी आमच्या गाडीत दक्षिणेतील नासिरिया शहराचे एक साठीचे गृहस्थ चढले. त्यांनी तरुणपणी उत्खननांवर काम केले होते. इराकमध्ये शिकल्यासवरल्या माणसाला आदराने ‘उस्ताद’ म्हणतात. आमचा बगदादचा तरुण सहलप्रमुख त्यांना तसेच हाक मारी, म्हणून आम्हीही तीच हाक उचलली. उस्तादांचे इंग्रजी बेताचे होते, पण ते बोलण्यापेक्षा दाखवण्यावर भर देत.

उरूक, ज्याला अरबीत वारका म्हणतात, तेथे गेल्यावर पहिली निराशा सगळ्यांनाच येते. तांबूस राखाडी उघडे मैदान, त्यावर काही मळकट उंचवटे आणि मधूनमधून विटांचे पट्टे, याखेरीज नजरेला काहीही लागत नाही. इ. स. पू. ३००० च्या सुमारास जगात याहून मोठे शहर बहुधा नव्हते, हे पुस्तकातले ज्ञान त्या मैदानासमोर लुळे पडते. आमच्या गटातील एका प्रवाशाने ‘हेच का ते?’ असे उघडपणे विचारले. उस्ताद हसले आणि त्यांनी आम्हांला खाली बघून चालायला सांगितले.

मग जमीनच खापरांची आहे हे लक्षात आले. त्यांनी एक जाड तुकडा उचलला, जो बाजारात कोणी फुकटही घेणार नाही असा ओबडधोबड होता. भुसा मिसळलेली माती साच्यात दाबून केलेले हे वाडगे, त्यांची कड तिरपी कापल्यासारखी असते, आणि आतल्या बाजूने दाबणाऱ्याच्या बोटांच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात. मी माझी बोटे त्या खळग्यांवर ठेवून पाहिली. त्या माणसाचा हात माझ्याहून लहान असावा. इ. स. पू. चौथ्या सहस्रकात असे वाडगे अक्षरशः ढिगांनी केले गेले. ते मजुरांना धान्याचा शिधा मोजून देण्यासाठी होते की भाकरी भाजण्याचे साचे होते, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. उस्तादांनी तो तुकडा जेथून उचलला होता नेमका तेथेच ठेवला, उसाच्या कांड्याएवढी एक नळाची काडी घेतली, चाकूने तिचे टोक तासले आणि ओल्या मातीच्या गोळ्यावर आधी माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी तोच तिरप्या कडेचा वाडगा काढला. आरंभीच्या सुमेरी लेखनात हे चिन्ह ‘खाणे’ या अर्थी, शिधा दिल्याची नोंद करण्यासाठी येते. पुढे काडीचे टोक मातीत ओढण्याऐवजी टोचू लागले, रेषांच्या जागी पाचरी आल्या आणि चित्राची कीलाकार लिपी झाली. मराठी माणसाला हे समजायला एक क्षणही लागत नाही, कारण ती काडी म्हणजे आपला बोरूच.

उरूकच्या एआन्ना या मंदिरपरिसरात इ. स. पू. ३३०० ते ३००० या काळातील मातीच्या सुमारे पाच हजार पाट्या व तुकडे मिळाले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य हिशेबाचे आहेत: जव किती आला, मेंढ्या किती, कोणाच्या नावावर. उरलेल्या पाट्या लेखनिकांनी पाठ करण्यासाठी केलेल्या शब्दांच्या याद्या आहेत. काव्य, स्तोत्र, राजाची प्रशस्ती, यांतले काहीही नाही. ते सगळे कित्येक शतकांनी आले. लेखनकलेचा जन्म कोठीघरात झाला, कारकुनाच्या गरजेतून, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवले होते, परंतु ते पटले त्या दिवशी.

थोडे पुढे भिंतीच्या एका बुंध्याशी लांबट शंकू मातीत रुतलेले दिसले. खडूएवढे मातीचे शंकू भाजून, त्यांची बूड तांबड्या, काळ्या व पांढऱ्या रंगात बुडवून, ओल्या भिंतीत ठोकत आणि त्यातून चटईच्या विणीसारखी नक्षी उमटवत. दगड नसलेल्या देशाने शोधलेला हा सजावटीचा मार्ग आहे. शिवाय भिंत पावसापासून वाचते. उरूकचा राजा गिल्गामेश याच्या महाकाव्याच्या आरंभी श्रोत्याला सांगितले आहे की उरूकच्या तटावर चढ, फिर, विटांची पारख कर. आणि शहराचा हिशेबही दिला आहे: एक भाग वस्ती, एक भाग खजुरीच्या बागा, एक भाग मातीच्या खाणी आणि अर्धा भाग इश्तारचे मंदिर. वस्तीइतकीच जागा मातीच्या खाणींना देणारे शहर मी दुसरे ऐकलेले नाही. तो तट सुमारे नऊ किलोमीटरांचा होता. त्याच्या एका उंचवट्यापर्यंत जाण्याची आमची फार इच्छा होती.

ती पुरी झाली नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘उरूक: पूर्ण दिवस’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात तपासणीनाक्यावर पारपत्रांच्या प्रती कमी पडल्या म्हणून सकाळ गेली, समाव्यात जेवण लांबले, आणि आम्हांला या स्थळावर दोन तास दहा मिनिटे मिळाली. मी घड्याळ लावून मोजली. नाक्यांवर वेळ जातो हे मान्य आहे. पण ज्या कंपनीचा रोजचा धंदाच हा आहे, तिच्याकडे प्रती जास्तीच्या असायला हव्यात. आणि वेळ कापायचाच होता, तर तो बाबिलोनच्या नव्या विटांतून कापता आला असता.

दुसरी चूक याहून गंभीर होती. खापर उचलून खिशात टाकणे हा इराकमध्ये गुन्हा आहे, आणि कायदा कडक आहे. २०२२ मध्ये एरिडू या प्राचीन शहराच्या जागेवरून खापरे नेल्याबद्दल एका निवृत्त ब्रिटिश भूवैज्ञानिकाला बगदादच्या न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा सुनावली होती. ती पुढच्याच महिन्यात रद्द झाली, तरी तोवर तो तुरुंगात होता. कंपनीच्या माहितीपत्रकात उन्हाची टोपी आणि बुटांविषयी अर्धे पान होते, याविषयी एक ओळही नव्हती. आमच्या गटातील एका बाईंनी एक शंकू हातरुमालात बांधलेला उस्तादांच्या नजरेस पडला म्हणून बरे. त्यांनी काहीही न बोलता हात पुढे केला, आणि बाईंनी तो मुकाट्याने त्यांच्या तळहातावर ठेवला.

उरूकहून निघताना बुटांखाली जमीन करकरत होती. वाळलेल्या चिखलावर मिठाचा पातळ पापुद्रा धरला होता, पापडासारखा मोडणारा. कालव्यांनी पाणी आणले, सपाट जमिनीतून त्याचा निचरा झाला नाही, भूजल वर आले आणि बाष्पीभवनाने मीठ मागे राहिले. गव्हाला क्षार सोसत नाही, जवाला बऱ्याच अंशी सोसतो, म्हणून दक्षिण सुमेरमध्ये काळाच्या ओघात गहू मागे पडत गेला आणि जव उरला. शिवाय युफ्रेटिसने पात्र बदलले. ज्या शहरांच्या धक्क्याला नावा लागत ती आज नदीपासून कित्येक किलोमीटर दूर, कोरड्या पडीक जमिनीत आहेत. साम्राज्ये आक्रमणांनी कोसळली हे आपण पाठ करतो. ज्या जमिनीवर ती उभी होती ती कशी आजारी पडली, हे मात्र असे पायाने चाचपल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ऊर हे प्राचीन सुमेरी शहर नासिरियाजवळ आहे आणि तेथे कंपनीने वेळ नीट दिला. सकाळी सातला आम्ही झिगुरातच्या पायथ्याशी होतो. ऊर-नम्मू या राजाने इ. स. पू. २१०० च्या सुमारास चंद्रदेव नन्ना याच्यासाठी हा चबुतऱ्यावर चबुतरा चढवलेला मनोरा बांधायला घेतला. दर्शनी पायऱ्या आणि खालच्या टप्प्याचा बाहेरचा भाग विसाव्या शतकातील दुरुस्तीत नव्याने बांधलेला आहे, तेव्हा चढताना आपण राजाच्या पायऱ्या चढत नाही, हे ध्यानात असावे. मात्र बाजूला वळले की जुने काम उघडे पडते. आतला गाभा कच्च्या विटांचा, बाहेरून सुमारे अडीच मीटर जाडीचे भाजलेल्या विटांचे कवच, आणि सांध्यांत चुन्याऐवजी काळेभोर डांबर. चार हजार वर्षांनंतरही त्या डांबरात नळाच्या चटईची वीण उमटलेली दिसते. भिंतीत ठरावीक अंतरावर उभट भोके ठेवलेली आहेत, आतला ओलावा बाहेर पडावा म्हणून. पायथ्याशी पडलेल्या एका विटेवर ऊर-नम्मूच्या नावाचा ठसा उस्तादांनी बोट न लावता दाखवला.

गंमत अशी, की या वास्तूच्या दुरुस्तीलाही आता अडीच हजार वर्षे झाली. बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याने इ. स. पू. सहाव्या शतकात ती डागडुजून घेतली आणि कोपऱ्यांत मातीच्या लेखांकित नळकांड्या पुरून ठेवल्या. १८५४ मध्ये टेलर या ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्या सापडल्या आणि त्यांवरूनच हे स्थळ म्हणजे ऊर, हे निश्चित झाले. दुरुस्ती करणाऱ्याने मूळ बांधणाऱ्याचे नाव प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून आपल्याला पत्ता लागला.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षे येथे खोदकाम केले. राजेशाही दफनभूमीतील सोळा समाध्यांपैकी एका खड्ड्यात ७४ माणसे ओळीने निजलेली होती, बहुतेक स्त्रिया, डोक्यावर सोन्याची पाने. राणी पुआबीच्या अंगावरचा लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानचा होता आणि लांबट लाल मण्यांची घडण सिंधू खोऱ्यातील कारागिरांची. सुमेरी लेखांत ज्या ‘मेलुहा’ देशाची गलबते येतात, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू संस्कृतीचाच प्रदेश होय. आता तेथे कुंपणाआड मातीचे खड्डे आहेत. अब्राहामचे म्हणून दाखवतात ते घर मात्र नवेकोरे आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ऊरला आल्यापासून तेथे वर्दळ वाढली आहे. पुराव्याने ते घर कोणाचेच ठरत नाही.

त्याच्या पलीकडच्या गल्ल्या मात्र खऱ्या आहेत. वुली यांना येथील एका घरात तांब्याचा व्यापारी एआ-नासिर याला आलेली पत्रे मिळाली, आणि त्यांतले एक, इ. स. पू. १७५० च्या सुमाराचे, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाचे गिऱ्हाईक लिहिते की चांगल्या लगडी देईन म्हणालास, हलक्या दाखवल्यास, घ्यायच्या तर घे नाही तर चालू लाग म्हणालास, माझ्या माणसाला शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हातांनी परत पाठवलेस. यापुढे लगडी मीच माझ्या अंगणात एकेक पारखून घेईन. ती पाटी तळहाताएवढी आहे आणि दोन्ही बाजूंनी कोपऱ्यांपर्यंत भरलेली आहे. चिडलेल्या माणसाला जागा नेहमीच कमी पडते, हे मला हे परीक्षण लिहिताना पुन्हा जाणवत आहे.

माझ्या लगडी म्हणजे एरिडू. सुमेरी राजावली म्हणते की राजपद स्वर्गातून उतरले ते प्रथम एरिडूत. १९४६ ते १९४९ या काळात फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी तेथे एकाखाली एक अशी मंदिरांची अठरा पातळ्यांची मालिका उघड केली, ज्यांतले तळाचे बांधकाम म्हणजे एक चिमुकली खोली होती. ऊरपासून ते फार दूर नाही. सकाळी ठरले होते, दुपारी ‘रस्ता ओला आहे’ म्हणून रद्द झाले, आणि त्याऐवजी नासिरियाच्या बाजारात मोकळा वेळ देण्यात आला. रस्ता ओला असेलही. आधल्या रात्री पाऊस पडला नव्हता, एवढे मी सांगू शकतो.

बाजारात एक गोष्ट घडली ती विषयाला सोडून असली तरी सांगतो. सामूनच्या होडीसारख्या पावात वांगे आणि अंडे घालून देणाऱ्याने वरून पिवळे झणझणीत लोणचे ओतले आणि त्याचे नाव ‘अंबा’ सांगितले. कैऱ्यांचे हे लोणचे बगदादी यहुदी व्यापाऱ्यांनी मुंबईहून इकडे आणले असे सांगतात, आणि नावही जसेच्या तसे राहिले. माझी पत्नी त्या विक्रेत्याला मराठीतून ‘अहो, हा आंबा आमचा!’ असे बजावत होती आणि तो प्रसन्नपणे आणखी ओतत होता.

चिबायिशच्या दलदलीतील दिवस सगळ्यांत सुखाचा गेला. १९९० च्या दशकात ही दलदल मुद्दाम आटवली गेली आणि सुमारे ९० टक्के नष्ट झाली. २००३ नंतर लोकांनीच बांध फोडून पाणी परत आत घेतले. आता वरच्या अंगाची धरणे आणि अवर्षण यांमुळे ती पुन्हा आक्रसते आहे. लांबट होडीतून म्हशींच्या कळपांमधून आम्ही मुधीफपर्यंत गेलो. मुधीफ म्हणजे पाहुण्यांसाठीचे नळाचे घर. नळाच्या माणसाहून जाड मोळ्या जमिनीत रोवून, त्यांची टोके वाकवून कमानी करतात आणि वर चटया पसरतात. खिळा एकही नाही. आत धुराचा आणि वाळल्या गवताचा वास होता. कॉफीचा घोटभर पेला एकच, तोच सगळ्यांत फिरणारा. पुरे झाले की पेला हलवून परत द्यायचा, नाही तर ते ओततच राहतात. ते मी तीनदा विसरलो.

बगदादमधील इराक संग्रहालय कंपनीने शेवटच्या दिवशी, विमानतळावर जाण्यापूर्वीच्या दीड तासात कोंबले होते. अशा संग्रहालयाला हे शोभत नाही. एप्रिल २००३ च्या लुटीत येथून सुमारे १५,००० वस्तू गेल्या. त्यांतल्या बऱ्याच परत आल्या, पुष्कळ आल्या नाहीत, आणि दालने सर्वांसाठी २०१५ मध्ये उघडली. मी दुसरीकडे न वळता उरूकच्या, अलाबास्टर या पांढुरक्या दगडाच्या कलशापाशी गेलो. सुमारे मीटरभर उंचीचा, पाच हजार वर्षांचा हा कलश लुटीत बैठकीपासून मोडून नेला होता आणि त्याच जूनमध्ये तुकड्यांच्या रूपात एका मोटारीच्या डिकीतून परत आला. सांधे दिसतात. तळाशी पाण्याच्या लाटा, त्यावर पिकाची रोपे, त्यावर मेंढ्यांची रांग, त्यावर टोपल्या घेतलेले उघडे पुरुष, आणि सर्वांत वर इनान्ना देवीच्या दारी पोचलेला नैवेद्य. देवीच्या मागे जे दोन खांब उभे आहेत ते नळाच्या मोळ्यांचे आहेत, टोकाशी वाकवलेले. चिबायिशच्या मुधीफच्या दारात आम्ही ज्यांना टेकून बसलो होतो, त्यांचेच भाऊबंद.

माझे मत असे की संग्रहालय पहिल्या दिवशी हवे, म्हणजे मैदानात काय शोधायचे ते कळते. पत्नीचे मत नेमके उलटे आहे. ती म्हणते, पहिल्या दिवशी पाहिले असते तर ते खांब आपल्याला नक्षी वाटले असते. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. दीड तास पुरत नाहीत, यावर मात्र आहे.

राहण्याजेवण्याविषयी तक्रार नाही. गाडी चांगली होती, चालक सावध होता, नाक्यांवरचे शिपाई सभ्य होते, चहात साखर अर्धी पेलाभर असते. परत आल्यावर मी कंपनीला उरूकच्या वेळेविषयी आणि एरिडूविषयी सविस्तर लिहिले. उत्तर आठवडाभरात आले, नम्र होते, आणि पुढील सहलीत दहा टक्के सूट देऊ केली होती. मी कळवले की सूट नको. कार्यक्रमपत्रिकेत उरूकचा दिवस सकाळी सातपासून लिहा, एरिडूसाठी चारचाकी जोर असलेली गाडी लिहा आणि खापरांविषयीची सूचना पहिल्या पानावर घाला. त्यावर अजून उत्तर नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी नोंदणीच्या वेळीच ‘दक्षिणेचा वाटाड्या नासिरियाचा हवा’ असे लेखी मागून घ्यावे, कारण सहलप्रमुखाने मला सांगितले की न मागितल्यास बाबिलोनचाच माणूस पुढे खाली येतो.